घराआधी भोवताल: नांदेड–लातुरातील घरखरेदी आणि जमीन-पाण्याची पारख

नांदेड आणि लातूर या शहरांत घर किंवा भूखंड घेणाऱ्यांचा मोठा वर्ग आसपासच्या तालुक्यांतून आलेला आणि शेतीशी नाते टिकवून असलेला आहे. त्यामुळे सोयाबीनची रास विकून झाल्यावर आणि पुढे तूर व हरभरा आडतीत गेल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या महिन्यांत, खरेदीच्या बोलण्यांना वेग येतो. दुर्दैवाने हाच काळ जमिनीचे दोष सर्वांत चांगले झाकतो. श्रावणात गुडघाभर पाणी धरणारा भूखंड तोवर वाळून कडक झालेला असतो, वैशाखात आटणारी बोअर अजून भरात असते, काळ्या मातीच्या भेगा उमललेल्या नसतात आणि मे महिन्यात ज्या खोलीत दुपारी बसवणार नाही ती खोली हिवाळ्याच्या उन्हात प्रसन्न वाटते. फरशी, रंग, गॅलरी आणि मुख्य दाराची दिशा यांकडे बारकाईने पाहणारा खरेदीदार या ऋतूत जागेचा एकच आणि तोही सर्वांत सौम्य चेहरा पाहून आयुष्याची कमाई गुंतवतो.

वर्षभर थांबून एकाच जागेला तिन्ही ऋतूंत भेट देणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग असला, तरी भाव वाढत असताना तेवढे थांबणे फार थोड्यांना परवडते. म्हणून जे ऋतू डोळ्यांसमोर नाहीत ते कागदांवरून, भिंतींवरच्या खुणांवरून आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वाचावे लागतात. या दोन जिल्ह्यांत असे वाचन शक्यही आहे आणि अत्यावश्यकही, कारण महापूर, पाणीटंचाई आणि भूकंप या तिन्ही आपत्ती येथे हयात माणसांच्या आठवणीत घडून गेल्या आहेत, आणि त्या कोठे व का घडल्या याची कारणे पुरेशी ठाऊक आहेत.

नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसले आहे आणि शहराच्या अगदी वरच्या अंगाला विष्णुपुरी येथे नदीवर प्रकल्प आहे. या प्रकल्पाची साठवणक्षमता पैठणच्या जायकवाडी धरणाच्या तुलनेत फारच लहान आहे. उलट त्यात येऊन मिळणारे पाणी अफाट क्षेत्राचे आहे: जायकवाडीतून सोडलेले, सिंदफणेवरील माजलगाव धरणातून आलेले, आणि येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे ओलांडून पूर्णेने आणलेले. हे सारे एकाच वेळी आले की विष्णुपुरीला ते धरून ठेवता येत नाही, दरवाजे उघडून पुढे सोडावेच लागते. नांदेडमध्ये घर घेणाऱ्याने यातून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे शहराला येणारा पूर हा शहरावर पडणाऱ्या पावसाशी बांधलेला नाही. वर पैठणपर्यंतच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला तर नांदेडमध्ये आकाश निरभ्र असतानाही काठच्या वस्त्यांना हलावे लागू शकते. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेला मोठा पूर शहराच्या स्मरणात आहे, आणि त्यानंतरच्या जोरदार पावसाच्या वर्षांतही नावघाट, गोवर्धन घाट यांसारख्या काठालगतच्या व खडकपुरा, देगलूर नाका यांसारख्या सखल भागांची चिंता पुन्हा पुन्हा करावी लागली आहे.

पुराचा धोका मोजण्यासाठी जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोचते ती निळी रेषा, आणि सरासरीने शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा होय. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो, तर निळ्या व लाल रेषेमधल्या पट्ट्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्यासारख्या अटींवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. पंचवीस वर्षांतून एकदा या शब्दांनी मात्र अनेकांची फसगत होते, कारण एकदा पूर येऊन गेला की पुढची पंचवीस वर्षे निर्धास्त असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता चार टक्के आहे, एवढेच ते सांगते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता साठत जाते, आणि हिशेब केला तर कर्ज फिटण्यापूर्वी निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के, निघते. लाल रेषेच्या बाबतीतही ती सुमारे १८ टक्के आहे. बँकेचा हप्ता आणि नदीची पातळी हे दोन्ही एकाच कालावधीत पाहिले, तर काठावरच्या जागेचा कमी भाव तितकासा स्वस्त राहत नाही.

नदीपासून दूर असलेल्या जागेलाही पुराचा स्पर्श होतो, तो नाल्यांच्या वाटेने. गोदावरी फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचे आणि शहराच्या उत्तरेकडून येणाऱ्या आसना नदीचे पाणी पुढे सरकू शकत नाही व ते मागे दाटते, यालाच फुगवटा म्हणतात. खालच्या अंगाला तेलंगणातील पोचमपाडच्या श्रीरामसागर जलाशयाचा फुगवटा धर्माबाद–बिलोलीकडच्या गावांना हाच अनुभव देतो. शहरात त्याची तीव्रता वाढते, कारण जुने ओढे-नाले मुरूम टाकून अरुंद केले जातात किंवा त्यांच्यावरच भूखंड पाडले जातात. नाला बुजला तरी उतार बुजत नाही, आणि पाणी पहिल्याच मोठ्या पावसात आपली जुनी वाट शोधत येते. म्हणून भूखंडाचा आखीव नकाशा पाहून न थांबता त्या गटाचा जुना गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावा, त्यावर ओढ्याच्या खुणा कोठे आहेत ते पाहावे आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन उताराची दिशा तपासावी. आसपासच्या जुन्या घरांच्या कुंपणभिंतींवर ठराविक उंचीपर्यंत गेलेला गाळाचा किंवा ओलीचा पट्टा, दारासमोर नंतर बांधलेला उंच उंबरा, रस्ता वाढत गेल्यामुळे खाली गेलेली जोती, या गोष्टी दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतही पावसाळ्याची साक्ष देतात. लहान नद्यांनाही कमी लेखू नये: ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या परिसरातील हसनाळ व शेजारच्या गावांत एका रात्रीच्या पावसाने पाणी शिरले आणि माणसांचे प्राण गेले.

लातूरचे दुखणे नेमके उलट आहे. या शहरातून मोठी नदी जात नाही, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते पन्नासेक किलोमीटरवरच्या धनेगाव येथील मांजरा धरणावर विसंबून असते. लागोपाठच्या अवर्षणांनी हे धरण कोरडे पडल्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात शहरात जी स्थिती निर्माण झाली ती साऱ्या देशाने पाहिली. पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि एप्रिलमध्ये सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या व त्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या आणि पाऊस सुरू होऊन धरणात भर पडेपर्यंत या फेऱ्या चालू राहिल्या. त्या वर्षी घरांची किंमत पाण्याने ठरत होती. भाडेकरू खोली पाहताना आधी बोअरला पाणी आहे का हे विचारत, आणि हा प्रश्न आजही तितकाच योग्य आहे.

मात्र या प्रश्नाला मिळणारे उत्तर समजून घेण्यासाठी लातूरच्या पायाखालचा खडक माहीत असावा लागतो. हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनला आहे, आणि त्यांपैकी काही थर सच्छिद्र किंवा झिजलेले असल्याने पाणी धरतात, तर काही इतके घट्ट असतात की त्यांत भेगा-सांधे असतील तेथेच पाणी सापडते. वाळूच्या प्रदेशात भूजल पसरलेले असते, येथे ते तुकड्यातुकड्यांत असते. त्यामुळे शेजारच्या बोअरला भरपूर पाणी आहे म्हणून पंचवीस फुटांवरच्या भूखंडातही ते लागेलच असे नाही. शिवाय कित्येक शे फूट खोल गेलेली बोअर अनेकदा वर्षानुवर्षे साठलेले पाणी उपसत असते, ज्याची भर एका पावसाळ्यात होत नाही. म्हणून बोअरची खोली ऐकून समाधान मानू नये, उलट फार मोठी खोली ही वरचे थर रिकामे झाल्याची खूण समजावी. मोटर सलग दोन-तीन तास चालवून धार मंदावते का ते पाहणे, आणि बंद केल्यावर किती वेळाने पाणी पुन्हा पूर्ववत चढते ते विचारणे, ही साधी कसोटी सांगीव माहितीपेक्षा अधिक खरी असते.

सदनिका घेणाऱ्यासाठी याहून भक्कम पुरावा उपलब्ध असतो, तो म्हणजे गृहनिर्माण संस्थेचा जमाखर्च. मागच्या तीन-चार वर्षांत कोणत्या महिन्यात टँकरवर किती खर्च झाला याच्या नोंदी पाहिल्या, तर एप्रिल-मेमधले पाण्याचे वास्तव जानेवारीतही डोळ्यांसमोर उभे राहते. जुन्या इमारतीत ही वही दाखवण्यास टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. नव्या इमारतीत अशी वही नसते, तेव्हा शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराकडे चौकशी करावी. टँकर कोणत्या वेळी येतो आणि वळायला कोठे अडतो हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

पाणी किती आहे याइतकेच ते कसे आहे हे महत्त्वाचे आहे. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्टचा असला तरी पूर्वेकडे, देगलूर, बिलोली, किनवटच्या बाजूला, जुना ग्रॅनाइटसदृश खडक वर येतो आणि अशा खडकातील भूजलात फ्लोराइड हे द्रव्य अधिक असू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे-सांधे आखडतात. हे द्रव्य चवीने, वासाने वा रंगाने कळत नाही, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी नमुना तपासून घेण्याला पर्याय नाही.

शहरी वसाहतींतला धोका वेगळा आहे आणि त्याकडे फारच थोडे लक्ष जाते. भुयारी गटार नसलेल्या नव्या वसाहतींत प्रत्येक घराचे सांडपाणी शोषखड्ड्यात, म्हणजे जमिनीत पाणी जिरवणाऱ्या खड्ड्यात, सोडले जाते. असा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, दूर असावा असे मानक सांगते. पण या शहरांत सर्रास विकला जाणारा भूखंड तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असतो. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतरही पन्नास फूटच भरते, त्यामुळे स्वतःच्या खड्ड्यापासून स्वतःची बोअर पुरेशी दूर ठेवणे मुळातच अशक्य आहे, आणि उजव्या, डाव्या व मागच्या शेजाऱ्यांचे खड्डे तर आपल्या हातातही नसतात. अशा वसाहतीतील बोअरचे पाणी नायट्रेट आणि जंतू यांसाठी तपासल्याशिवाय पिऊ नये, आणि महापालिकेची भुयारी गटार योजना त्या रस्त्यापर्यंत आली आहे का याची चौकशी केवळ आश्वासनावर न थांबता पालिकेच्या संबंधित विभागात करावी.

पावसाचे पाणी छतावर पकडणे ही येथे चैन नाही, गरज आहे. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील वीस टक्के वाया गेला असे धरले, तरी सुमारे ५५ हजार लिटर पाणी हाती लागते. माणशी रोज १३५ लिटर या प्रचलित मापाने पाच जणांच्या कुटुंबाची ती जवळपास ऐंशी दिवसांची गरज आहे. परवानगीच्या नकाशात पर्जन्यजल संधारण दाखवलेले असते, प्रत्यक्षात ते आहे का, नळ्या गच्चीवरून खरोखर बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यापर्यंत पोचतात का, की मध्येच गटारात सोडल्या आहेत, हे पाहायला गच्चीवर चढावे आणि नळीमागोमाग खाली यावे.

जमिनीचा दुसरा स्वभाव मातीत असतो. मराठवाड्यातील जुन्या गावांनी घरांसाठी उंचावरची पांढरी निवडली आणि काळी शेतीसाठी राखली, यामागे कसदार जमीन वाचवण्याइतकाच बांधकामाचाही शहाणपणा होता. शहरे वाढू लागल्यावर अकृषिक होणारी बहुतेक जमीन काळीच आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते, जे ओले झाले की फुगते आणि वाळले की आकसते. त्यामुळे पावसाळ्यात ही माती पायाला वर ढकलते आणि उन्हाळ्यात त्याच्याखालून सुटते. वर्षानुवर्षांच्या या वरखाली होण्याने दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात, फरशी मध्येच उचलली जाते आणि दारे चौकटीत अडकू लागतात. बांधलेले घर घेताना अशा तिरप्या भेगा नव्या रंगाखाली लपवल्या आहेत का ते पाहावे, आणि चार-पाच वर्षे जुन्या शेजारच्या घरांत त्या आहेत का हेही विचारावे. उपाय उपलब्ध आहेत: पाया काळ्या थराच्या खाली मुरमापर्यंत नेणे, जोत्याच्या पातळीला सलग तुळई घेणे, काळा थर खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले खांब वापरणे. हे सारे खर्चाचे काम आहे, आणि म्हणूनच भूखंडाचा भाव ठरवण्याआधी एक चाचणीखड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो हे जाणून घेणे शहाणपणाचे ठरते. बुजवलेली विहीर किंवा भर टाकून सपाट केलेली खदान असलेला भूखंड मात्र, कितीही स्वस्त मिळाला तरी, सामान्य कुटुंबाने घेऊ नये.

जमिनीचा सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत भीषण ऋतू या भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अनुभवला. लातूर शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली. एवढ्या परिमाणाच्या मानाने जीवितहानी फार मोठी झाली, कारण घरांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, त्यांवर लाकूड व मातीची जड माळवदे होती, आणि भिंतीच्या आतला व बाहेरचा दगड एकमेकांत गुंफलेला नसल्याने हादऱ्यासरशी भिंती फुटून माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. तोपर्यंत भूकंप नकाशावर हा प्रदेश सर्वांत सुरक्षित गणला जात होता. पुढे २००२ मध्ये सुधारलेल्या मानकाने तो सर्वांत सुरक्षित वर्गच रद्द केला आणि लातूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात गेले. नांदेड शहरातही २००६ नंतरची काही वर्षे लहान लहान धक्के व जमिनीखालून आवाज जाणवत राहिले, आणि मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ परिमाणाचे धक्के नांदेडकरांनीही अनुभवले. यातून घबराट व्हावी असे काही नाही, पण भूकंप हा सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचा प्रश्न आहे असे मानून येथे इमारत पाहणे चुकीचे आहे.

सामान्य खरेदीदाराला इमारतीचे गणित तपासता येत नाही, तरी काही गोष्टी त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतात. विटांच्या घरात जोते, खिडकी-दारांवरचा लिंटेल आणि छत या तीन पातळ्यांवर साऱ्या भिंतींना बांधून घेणारे सलग काँक्रीटचे पट्टे आहेत का, हे विचारावे. किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत याच पट्ट्यांवर भर दिला गेला. बहुमजली इमारतीत तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडून वरचे मजले भिंतींनी भरलेले असतील, तर हादऱ्याचा सारा भार त्या उघड्या खांबांवर येतो, आणि २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादेतील अशा अनेक इमारती कोसळल्या. अशी रचना असलेल्या इमारतीत खांबांचा आकार, त्यांतील सळया व कड्यांची दाटी यांचा आराखडा संरचना अभियंत्याने भूकंप धरून केला आहे का, याचे प्रमाणपत्र मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि स्वतंत्र अभियंत्याला तो दाखवण्याचे शुल्क घराच्या किमतीपुढे नगण्य आहे.

किल्लारीच्या पुनर्वसनाने आणखी एक धडा दिला, जो भिंतींच्या पलीकडचा आहे. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, तेथे घरे पूर्वीहून मजबूत झाली, रस्ते सरळ व रुंद झाले. पण भूखंड मोठे व आळी विखुरलेली झाल्याने जुन्या गल्लीतला शेजार तुटला, शेत लांब पडले, आणि अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे त्या नव्या गावांत परके वाटत राहिले. घर सुरक्षित असणे आणि वस्ती राहण्याजोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेजार हा खरेदीदाराने पाहायचा पर्यावरणाचाच भाग आहे. शाळेची वाट मुलाला एकट्याने चालता येईल अशी आहे का, संध्याकाळनंतर रस्त्यावर दिवे व वर्दळ असते का, म्हाताऱ्या माणसांना बसायला सावली व कट्टा आहे का, दवाखाना रात्री गाठता येतो का, यांची उत्तरे नकाशावर नसतात. एक एकरापेक्षा मोठ्या अभिन्यासात, म्हणजे भूखंड पाडलेल्या मंजूर आराखड्यात, दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती जागा प्रत्यक्षात मोकळी आहे की तिच्यावर काही उभे राहिले आहे, एवढे पाहिले तरी त्या वसाहतीचा कारभार कसा आहे याचा अंदाज येतो.

लातूरमध्ये शेजाराचा प्रश्न शिक्षणाने बदलला आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलेल्या शिक्षणपद्धतीमुळे दरवर्षी बाहेरगावचे हजारो विद्यार्थी शहरात येतात, आणि शिकवणी वर्गांच्या आसपासच्या गल्ल्यांत एकमजली बंगल्यांच्या जागी वसतिगृहे व खानावळी उभ्या राहतात. भाडे मिळवू पाहणाऱ्याला ते सोयीचे असते, पण स्वतः राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाने हे ध्यानात घ्यावे की पाच माणसांच्या घराशेजारी पन्नास मुलांचे वसतिगृह आले तर त्याच खडकातून दहापट पाणी उपसले जाते आणि तेवढेच सांडपाणी त्याच मातीत जिरते. नांदेडच्या जुन्या भागात, श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात, दसरा व होला मोहल्ल्याच्या दिवसांत भाविकांची दाटी असते. ती शहराची शोभा आहे, पण त्या दिवसांत वाहन घरापर्यंत येत नाही हे वृद्धांच्या घराने आधीच गृहीत धरावे.

आवाजाबद्दल नियम स्पष्ट आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मंगल कार्यालय भिंतीला लागून असेल तर ही मर्यादा लग्नसराईत कितपत पाळली जाते हे तेथील एखाद्या तिथीला रात्री जाऊन ऐकावे. हवेच्या बाबतीत केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात लातूरचा समावेश आहे, म्हणजे तेथील धूलिकणांचे प्रमाण मानकाहून अधिक राहत आले आहे. डाळमिल, कच्चे रस्ते आणि अवजड वाहतूक यांच्या जवळच्या जागेत हे प्रत्यक्ष दिसते, दुपारी झाडांच्या पानांवरची धूळ पुरेशी बोलकी असते. कचरा डेपोच्या बाबतीत, लातूरचा वरवंटी असो की नांदेडचा तुप्पा, अंतराइतकीच वाऱ्याची दिशा पाहावी. पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतात, म्हणून डेपोच्या ईशान्येला व पूर्वेला असलेल्या घरांना ओल्या कचऱ्याचा वास त्याच दिवसांत सर्वाधिक सोसावा लागतो आणि हिवाळ्यात पाहणी करणाऱ्याला त्याची कल्पना येत नाही.

विजेच्या तारांचे सूत्र सोपे आहे: अकरा केव्हीच्या तारेपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे, तेहतीस केव्हीसाठी दोन मीटर, आणि गॅलरी पुढे काढण्याचा विचार असेल तर अंतर गॅलरीच्या कडेपासून मोजावे.

मालकीची कागदपत्रे हा स्वतंत्र विषय असला तरी भोवतालाची माहिती देणारे कागद वेगळे काढून पाहायला हवेत. महापालिकेच्या नगररचना विभागातून मिळणारा झोन दाखला व विकास योजनेचा भाग-नकाशा यांवरून समोरची हिरवी जागा उद्याचा रस्ता आहे की उद्यान, आणि मागच्या बाजूला औद्योगिक पट्टा येणार आहे का, हे समजते. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचा आणि आठहून अधिक सदनिकांचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवणे बंधनकारक असल्याने त्याचा मंजूर नकाशा व परवानग्या तेथे कोणालाही पाहता येतात. गुंठेवारीच्या भूखंडांत, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जागांत, कायद्याने नियमित होण्याची वाट २००१ च्या अधिनियमाने व त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने उघडली आहे. पण नियमित होणे म्हणजे नाला, गटार, रस्त्याची रुंदी व खुली जागा आपोआप मिळणे नव्हे, ती उणीव घरासोबतच विकत घेतली जाते.

हे सारे पाहूनही एखादी गोष्ट खात्रीने कळत नसेल, तर तिची जागा इसारपावतीत आहे. बयाणा देताना होणाऱ्या या लेखात केवळ रक्कम, मुदत आणि चतुःसीमा लिहिण्याचा प्रघात आहे. तेथेच जागा निळ्या व लाल पूररेषेच्या बाहेर असल्याचे विक्रेत्याचे निवेदन, बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल ठराविक मुदतीत समाधानकारक येण्याची अट, चाचणीखड्डा घेण्याची परवानगी, आणि यांपैकी काही खोटे वा प्रतिकूल निघाल्यास बयाणा पूर्ण परत करण्याचे वचन, एवढी कलमे वकिलाकडून घालून घ्यावीत. ज्या विक्रेत्याला आपल्या जमिनीचा पावसाळा आणि उन्हाळा ठाऊक आहे व लपवायचा नाही, त्याला या कलमांवर सही करायला अडचण नसते.